रिबन माइकची पेटी, पिशवी आणि सिलिका जेल: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

रिबन माइकसाठी पेटी घेताना बहुतेक लोक तिची भिंत किती जाड आणि खटका किती मजबूत एवढंच बघतात. झाकण मिटताना आतली हवा कुठून बाहेर पडते, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच. पेटी, पिशवी, ओलावा शोषणारी साधनं आणि फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच पाठवली जाणारी ४८ व्होल्टची वीज, अडवणारे आणि पातळी वाढवणारे छोटे बूस्टर यांचं हे परीक्षण आहे. प्रत्येक वस्तूला कसोटी एकच लावली आहे: हवा, धूळ, ओलावा आणि वीज यांपैकी ती काय आवरते आणि काय उलट वाढवून ठेवते.

आधी जपायचं काय ते बघू. रिबन म्हणजे चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये फक्त दोन टोकांना धरलेली ॲल्युमिनियमची पन्नी. रॉयर आर-१२१ मध्ये तिची जाडी २.५ मायक्रॉन आहे, एईए आर-८४ मध्ये १.८, आणि बीबीसीच्या अभियंत्यांनी रचलेल्या कोल्स ४०३८ मध्ये अवघी ०.६ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज यावा. पन्नीला आडव्या बारीक चुण्या पाडलेल्या असतात आणि त्यांच्यामुळेच ती स्प्रिंगसारखी सैल, तरीही जागच्या जागी राहते. जोरकस फुंकरीने या चुण्या एकदा ताणल्या गेल्या की पुन्हा पडत नाहीत. पन्नी लांबते, मध्यावर झोळ येतो आणि ती कधी ध्रुवाला घासू लागते. मग त्या माइकचे खालचे सूर बिघडतात, मोठ्या आवाजाला फरफर ऐकू येते, पातळी घटते. यावर घरगुती उपाय नाही. नवी रिबन बसवून घ्यावी लागते.

सगळे रिबन माइक सारखेच नाजूक नसतात, हेही लगेच सांगायला हवं. आर-१२१ ची रिबन सुमारे ४४ मिलिमीटर लांब आणि त्यातल्या त्यात जाड. आर-८४ ची ६० मिलिमीटरच्या घरात आणि पातळ. त्यामुळे एकाला जे चालतं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही. पुढचा सल्ला लांब आणि पातळ रिबनला धरून दिला आहे. आखूड रिबनवाल्यांनी तो थोडा सैल करून घ्यावा.

लाकडी पेटी

आर-१२१ सोबत लाकडी पेटी येते आणि साठवणीसाठी हा प्रकार आम्हांला सर्वांत पसंत आहे. कारण थोडं उलटं आहे: ती हवाबंद नसते. झाकण आणि खोक्याच्या फटीतून हवा सहज निघून जाते, त्यामुळे मिटताना आत दाब साचत नाही. हे पडताळायला टिश्यू पेपरची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी पेटीच्या फटीसमोर धरा आणि झाकण नेहमीच्या वेगाने मिटा. पट्टी नुसती हलली तर ठीक. फडफडून उडाली, तर तेवढीच हवा आत माइकवरूनही सरकली आहे. अशा पेटीचं झाकण शेवटचे पाच-सहा सेंटिमीटर हाताने धरून, सावकाश खाली टेकवायचं.

लाकडी पेटीतली दुखरी जागा म्हणजे अस्तर. मखमल आणि जाड फेल्ट दिसायला श्रीमंत, पण धागे सोडतात, आणि ओलावा धरून ठेवण्यात तर पटाईत. पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा अस्तरावर दाबून उचला. त्यावर लव आली तर अस्तर बदला किंवा निदान माइक कापडी पिशवीत घालूनच आत ठेवा. दुसरी तपासणी नाकाने करायची. पेटी एक दिवस बंद ठेवून उघडा. आंबूस किंवा वॉर्निशचा वास आला तर ती उघडी ठेवून वाऱ्यावर टाका आणि वास पूर्ण जाईपर्यंत माइक आत ठेवू नका. ओकसारखी काही लाकडं ॲसिटिक ॲसिडची वाफ सोडतात आणि बंद जागेत ती धातूला चांगली नाही.

बिजागरी आणि खटका पितळी असला तर उत्तम. निओडिमियम चुंबकाचा माइक लोखंडी खटक्याजवळ नेला की हातातून झटक्याने ओढला जातो आणि खटक्यावर आपटतो. ध्यानात नसताना हा धक्का बराच मोठा बसतो.

प्लॅस्टिकची कडक केस

रबरी कडा असलेल्या, पाणी आत न येऊ देणाऱ्या केस प्रवासासाठी खरोखर चांगल्या आहेत. पेलिकनसारख्या केसमध्ये दाब सारखा करणारी झडपही असते. ती विमानात उपयोगी पडते: बाहेरचा दाब हळूहळू बदलतो तसा आतला बदलतो आणि उतरल्यावर झाकण घट्ट चिकटून बसत नाही. रिबनच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला हवा सारखीच असते, म्हणून दाबातल्या अशा संथ बदलाची रिबनला पर्वा नसते. झटपट झाकण मिटताना मात्र ही झडप काहीच करू शकत नाही, तेवढी हवा तिच्यातून एका क्षणात निघतच नाही. रबरी कडा टेकल्यानंतरचे शेवटचे काही मिलिमीटर हवा दाबली जाते. म्हणून खटके एकामागून एक, हळू लावायचे. तळहाताने धाडकन दाबून बंद करण्याची सवय इथे महागात पडते.

याहून मोठा दोष फोमचा आहे. माइकच्या आकाराचं घट्ट छिद्र कापलेलं असलं की माइक आत सारताना पिचकारीचा दट्ट्या ढकलल्यासारखं होतं आणि ओढून काढताना तळाशी पोकळी तयार होऊन हवा जाळीतून खेचली जाते. पेटीला काही झालेलं नसतं, माइक पडलेला नसतो आणि तरी रिबन ताणलेली निघते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असू शकतं. दुरुस्ती सोपी आहे. धारदार सुरीने खाचेच्या दोन्ही बाजूंना, पूर्ण खोलीपर्यंत, सुमारे एक सेंटिमीटर रुंदीच्या दोन चऱ्या कापा. हवेला वाट मिळते आणि त्याच जागेत बोटं घालून माइक अंगाला धरून उचलता येतो. फोमने माइकला खालच्या अंगाने, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कनेक्टर असलेल्या भागाला आधार द्यावा. जाळीभोवती मोकळी जागा हवी.

हाताने चौकोनी तुकडे तोडून आकार देता येतो तो करडा फोम आम्ही रिबन माइकसाठी नापास करतो. तो पॉलीयुरेथेनचा असतो. वर्षं गेली की दमट हवेत पिवळा पडतो, चिकट होतो आणि भुगा सोडतो. तो भुगा जाळीतून आत गेला की रिबनवर बसतो. बोटांत चिमूट धरून चोळा. कण सुटले तर लगेच फेकून द्या. त्याऐवजी बंद छिद्रांचा पॉलीएथिलीन फोम घ्या. तो किंचित कडक असतो, पण पाणी धरत नाही आणि भुगा सोडत नाही.

आणखी एक. हवाबंद पेटी ओलावा बाहेर ठेवते तसा आतही कोंडते. दमट संध्याकाळी बंद केली तर आत तीच दमट संध्याकाळ महिनोन्‌महिने राहते. आमचा कौल: प्रवासाला ही, घरी साठवायला लाकडी.

उभा की आडवा

साध्या, बाजूने बोलायच्या माइकमध्ये रिबन माइकच्या अंगाला समांतर असते. माइक उभा ठेवला की रिबनचं वजन तिच्या लांबीच्या रेषेत येतं. आडवा ठेवला आणि त्यात रिबनची सपाट बाजू खाली आली तर ती महिनोन्‌महिने स्वतःच्याच वजनाने मध्यावर झोळते. लांब रिबनला याचा त्रास होतो, आखूड रिबनला फारसा नाही. म्हणून लाकडी पेटी कपाटात पुस्तकासारखी उभी ठेवा आणि वरच्या टोकाला ठसठशीत बाण काढा. नाहीतर दुसरं कुणीतरी ती नीटनेटकी दिसावी म्हणून आडवी करून ठेवतंच.

बेयरडायनॅमिक एम-१६० सारखा टोकाने बोलायचा माइक या नियमात बसत नाही. त्यात दोन आखूड रिबन अंगाला आडव्या असतात, म्हणजे माइक उभा केला की रिबनच आडव्या होतात. त्या इतक्या आखूड आहेत की चिंता नको, पण ‘सगळे रिबन माइक उभेच ठेवा’ असं पाठ केलेल्यांनी कारण समजून घ्यावं.

कापडी पिशवी, म्हणजे माइकचा मोजा

सगळ्यांत कमी पैशांत सर्वांत जास्त संरक्षण देणारी वस्तू हीच. माइक स्टँडवरून काढला, दुसऱ्या खोलीत नेला, दार उघडलं, तरी मोजा अंगावर हवा. उघडा माइक हातात धरून झपझप चालणं म्हणजे त्याच्यावर सतत फुंकर मारत चालणं. वारा माइकवर आला काय किंवा माइक हवेतून गेला काय, रिबनला फरक पडत नाही.

कापड निवडताना एक हात कापडाच्या मागे धरून पुढून फुंका. हाताला वारा जेमतेम जाणवला तर विण पुरेशी घट्ट आहे. घट्ट विणीचं सुती कापड चांगलं. फ्लॅनेल आणि मखमल लव सोडतात, म्हणून नको. नवी पिशवी एकदा धुऊन पूर्ण वाळवून मगच वापरा. घालताना आणि काढताना घाई नाही: तोंड पूर्ण रुंद करायचं, माइकवर सैल उतरवायचं, नाडी हलकी ओढायची. झटकन उपसून काढली की पिशवीही तोच दट्ट्याचा खेळ करते.

प्लॅस्टिकची पिशवी दोन रेकॉर्डिंगच्या मधल्या वेळी स्टँडवरच्या माइकवर घालायला उत्तम आहे, धूळ पूर्ण थांबते. मात्र तोंड खाली आणि मोकळं ठेवा, आणि रात्रभर किंवा त्याहून जास्त काळ तशी ठेवू नका. आत ओलावा जमतो.

लोखंडाचा कीस

याबद्दल पेटी बनवणारे सहसा बोलत नाहीत. रिबनच्या दोन्ही कडांना, ध्रुवांपर्यंत, मिलिमीटरच्या काही अंशाएवढीच फट असते आणि तिथेच चुंबक सर्वांत तीव्र असतो. लोखंडाचा बारीक कीस तिथे जाऊन उभा राहतो आणि रिबनला घासतो. गिटारच्या कापलेल्या तारा, ड्रिलचा कीस, स्टीलवूल, स्क्रूड्रायव्हरच्या ड्रॉवरचा तळ, ही त्याची घरं. नवी किंवा जुनी कुठलीही पेटी वापरण्याआधी एक जोरदार चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि फोमवरून, कोपऱ्यांतून, अस्तरावरून फिरवा. पिशवीवर काळे कण दिसले तर पिशवी उलटी करून कीस आत अडकवा आणि टाकून द्या. तीन-चार वेळा, पिशवी स्वच्छ येईपर्यंत. मोजाही अशाच चुंबकाने तपासावा. तो जमिनीवर पडलेला असतो हे आपण विसरतो.

कीस आत गेला असल्याची शंका आली तर जाळीतून फुंकू नका, दाबाच्या हवेचा डबाही वापरू नका. दोन्हींनी कीस जाईल की नाही सांगता येत नाही, रिबन मात्र नक्की जाईल.

सिलिका जेल आणि ओलावा

३० अंश सेल्सिअसला पूर्ण ओलसर हवेत एका घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. म्हणजे १० लिटरच्या पेटीतल्या हवेत फार तर ०.३ ग्रॅम. हा आकडा छोटा वाटतो, कारण खरा साठा हवेत नसतो. तो फोम, अस्तर, लाकूड आणि दर वेळी झाकण उघडल्यावर आत येणाऱ्या नव्या हवेत असतो. त्यासाठी १० लिटरच्या पेटीला ५० ग्रॅम सिलिका जेल भरपूर होतं. सामानासोबत मिळालेल्या दोन-पाच ग्रॅमच्या पुड्या बहुधा आधीच भरलेल्या असतात; त्या टाकून समाधान मानू नका.

रंग बदलणारं जेल घ्या, नारिंगीचं हिरवं होणारं. निळ्याचं गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते हाताळायला बरं नाही. रंग बदलला की ओव्हनमध्ये पातळ थर पसरून ११० ते १२० अंशांवर एक-दोन तास ठेवा, मूळ रंग आला की घट्ट झाकणाच्या बरणीत गार करा आणि मगच पेटीत. जास्त तापवलं तर रंगद्रव्य करपतं आणि पुढे ते काही सांगेनासं होतं. जेल सुटं कधीच ठेवू नका. त्याची पूड फार बारीक असते. न फाटणाऱ्या पुडीत किंवा भोकं पाडलेल्या धातूच्या डबीत, माइकपासून दूरच्या कोपऱ्यात ठेवा. डबी ॲल्युमिनियमची हवी, पत्र्याची नको. कारण वर आलंच आहे.

आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. छोटे डिजिटल मापक चार-पाच टक्के सहज चुकतात, म्हणून ते आधी तपासून घ्या. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ आणि लगदा होईल एवढेच पाण्याचे थेंब घाला, बूच आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून १० ते १२ तास एका जागी ठेवा. पिशवीत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ७१ दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात चार मिळवत जा.

तीन-चारपेक्षा जास्त माइक असतील तर कॅमेऱ्यांसाठी मिळणारं विजेचं कोरडं कपाट घ्यावं आणि ४५ टक्क्यांवर लावावं. दोन गोष्टी बघून घ्या: आत माइक उभा राहील एवढी उंची आहे का, आणि आत हवा फिरवणारा पंखा नाही ना. पंखा असलेलं कपाट कितीही महागाचं असो, या कामाला घेऊ नये.

गारठलेल्या गाडीतून उबदार खोलीत आणलेली पेटी लगेच उघडू नका. तास-दोन तास तशीच बंद राहू द्या, नाहीतर ओलावा थेट गार धातूवर जमतो.

फँटम पॉवर आणि बूस्टर

केबल नीट असेल तर ४८ व्होल्ट पिन २ आणि ३ वर सारखेच येतात, ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांत फरक नसतो आणि रिबनला काही होत नाही. हा दिलासा ‘केबल नीट असेल तर’ या चार शब्दांवर उभा आहे. एक पिन आतल्या आत शील्डला चिकटली तर ६.८ किलोओहमच्या रोधकातून सुमारे ७ मिलिअँपिअर ट्रान्सफॉर्मरमधून वाहतात आणि चालू-बंद होण्याच्या क्षणी त्याचा झटका रिबनपर्यंत पोहोचतो. पॅचबेत, म्हणजे केबली अदलाबदल करायच्या पट्टीत, फँटम चालू असताना फोन-प्लग सरकवला की त्याची टोकं क्षणभर एकेक करून टेकतात, तिथेही हेच. काही जुन्या माइकमध्ये ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप जमिनीला जोडलेला असतो. त्यांना तर चांगली केबलही वाचवत नाही.

क्लाउडलिफ्टर सीएल-१ स्वतः फँटमवर चालतो, माइककडे ते जाऊ देत नाही आणि २५ डेसिबलपर्यंत पातळी वाढवतो. ट्रायटनऑडिओचा फेटहेड हेच काम थेट माइकच्या कनेक्टरवर बसून करतो. दोन्ही आम्हांला पसंत. घेताना फेटहेडचं मॉडेल वाचून घ्या: ‘फँटम’ नावाचा प्रकार कंडेन्सर माइकसाठी आहे आणि तो फँटम पुढे जाऊ देतो. रिबनसाठी तो चालत नाही. बूस्टर माइकच्या बाजूला लावलात तर प्रीअँपपर्यंतची (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रापर्यंतची) लांब केबल बिघडली तरी माइक सुरक्षित राहतो. आर-१२२ सारख्या सक्रिय, म्हणजे आतच अँप्लिफायर असलेल्या, रिबन माइकना फँटम लागतंच, त्यांच्यासाठी हे बूस्टर घेऊ नका.

केबल तपासायची ती माइक न लावता: १-१, २-२, ३-३ जोडणी, आणि एकमेकांत कुठेही शॉर्ट नाही. मल्टिमीटर माइकच्या पिनांना मात्र लावायचा नाही. रोध मोजताना तो स्वतःच विद्युतप्रवाह सोडतो आणि त्याचा झटका रिबनला बसतो. ‘रिबन शाबूत आहे का’ हे बघताना रिबन गमावण्याची ही सर्वांत मूर्खपणाची तऱ्हा.

बिघाड कळण्यासाठी माइक नवा असतानाच एक नोंद करून ठेवा. ठरलेल्या स्पीकरपासून ५० सेंटिमीटरवर माइक, २० ते २०० हर्ट्झचा सरकता स्वर, मध्यम आवाज, प्रीअँपची खूण कागदावर. मग माइक १८० अंश फिरवून मागून तेच. दर सहा महिन्यांनी पुन्हा. तळाचा भाग सरकला, फरफर आली किंवा पुढच्या-मागच्या पातळीत नवा फरक दिसला तर वापर थांबवा.

दुरुस्तीला पाठवताना लाकडी पेटीवर भरवसा ठेवून ती तशीच कुरिअरला देऊ नका. माइक मोज्यात, मोजा लाकडी पेटीत, पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत. मग ती मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंना किमान पाच सेंटिमीटर फोम ठेवून. जाळीवर चिकटपट्टी लावू नये; काढताना तिच्यामागे हवा ओढली जाते. चारही बाजूंवर वरची दिशा दाखवणारा बाण काढा, आणि आत एक चिठ्ठी ठेवा: पेटी सावकाश उघडा, आत रिबन आहे.